तिसरा ब्रेक

टपालबाईंना निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती, तरी त्यांना दुसऱ्या नावाने हाक मारायचं कोणाला सुचलं नव्हतं. अठ्ठावीस वर्षं त्यांनी सायकलवरून डोंगरातलं टपाल पोचवलं. एक पत्र हरवलं नाही, एक चुकीच्या दारात पडलं नाही. हे लोकांनी सांगावं म्हणून त्या थांबत नसत. स्वतःच सांगत, आणि समोरच्याचा चेहरा जरा साशंक दिसला तर पुन्हा सांगत.

त्यांचे यजमान सायकली दुरुस्त करायचे. सगळे त्यांना मिस्त्री म्हणत. घराच्या पुढच्या खोलीत दुकान, मागच्या दोन खोल्यांत संसार. मधल्या दाराला ग्रीसचे हात लागून लागून ते काळं पडलं होतं आणि बाईंनी ते घासायचा नाद केव्हाच सोडला होता. सगळं सुरळीत चाललेलं, पण मिस्त्रींचे डोळे गेले. एकदम नाही, चार वर्षांत हळूहळू. आता फक्त उजेड आणि अंधार कळायचा.

डोळे गेले तरी हात कुठे गेले होते? चाक फिरवून बोट लावलं की कोणता स्पोक सैल आहे ते मिस्त्री आजही सांगायचे. पण आंधळ्याच्या हातात सायकल द्यायला गिऱ्हाईक बिचकायचं. आणि सगळ्यात जास्त बिचकायचा तो त्यांचा मुलगा.

मुलगा शहरात लिफ्टची सुरक्षा तपासायचा. धंदाच संशयाचा. कुठलीही चालती गोष्ट बघितली की ही कधी तुटेल, हाच विचार पहिला. एका रविवारी आला, दुकानातल्या स्टुलावर बसला आणि म्हणाला, "आई, बाबा, आता पुरे. माझ्याकडे चला. दहाव्या मजल्यावर छान हवा आहे. हा गाळा मोबाईलवाल्याला देऊ, पहिल्या तारखेपासून. मी त्याला शब्द दिलाय."

"दुकान कोणाचं आणि शब्द कोणाचा," बाई म्हणाल्या.

"बाबांना दिसत नाही, आई."

"मला दिसतं. त्यांचे हात, माझे डोळे. दोघांत मिळून एक मिस्त्री होतो की."

"असं बोलायला बरं वाटतं," मुलगा म्हणाला. "उद्या त्यांनी कोणाचा ब्रेक चुकीचा बसवला तर?"

 मिस्त्री ट्यूबला ठिगळ लावत होते आणि ठिगळ अगदी बरोबर जागेवर बसलं होतं, पण मुलाचं तिकडे लक्ष नव्हतं. बाईंचं डोकं फिरलं. बारा गावचं पाणी प्यालेली बाई, ती काय दहाव्या मजल्यावर जाऊन खिडकीतून कबुतरं मोजणार? त्या तिथल्या तिथे म्हणाल्या, "आम्ही दोघं यात्रेला जातो. सायकलवरून. डोंगरापलीकडच्या देवस्थानापर्यंत नऊ दिवसांची वाट आहे. गाडीत पाय न ठेवता पोचलो, तर दुकान आमचं. नाही पोचलो, तर तू म्हणशील त्या मजल्यावर येऊ."

मुलाने बापाकडे बघितलं. बाप म्हणाला, "ती म्हणते ते."

मिस्त्रींनी ही वाट तरुणपणी मित्रांबरोबर सात वेळा केलेली. बाईंनी एकदाही नाही. कोणीतरी घरी थांबायला हवं होतं, आणि टपालाला सुट्टी नसते. दुकानाच्या माळ्यावर एक जोडसायकल पडलेली होती, दोन सीटांची, मागेपुढे बसायची. कोणीतरी दहा वर्षांपूर्वी दुरुस्तीला टाकली आणि नेलीच नाही. मिस्त्रींनी ती तीन आठवड्यांत हातांनी चाचपत नवीकोरी केली. पुढे बाई, मागे मिस्त्री. पुढच्याच्या हातात दोन ब्रेक, दोन्ही चाकांचे. शिवाय मागच्या चाकात एक तिसरा, ड्रमचा, म्हणजे चाकाच्या मधल्या डब्यात आतून पट्टी दाबणारा. लांब उतारावर तो हलकासा दाबून ठेवायचा, म्हणजे जड सायकल आवरत राहते. तो मिस्त्रींनी स्वतःच्या दांडीला लावला. "मागच्या माणसालाही काहीतरी काम हवं," ते म्हणाले.

पहिले दोन दिवस बाईंना स्वतःचं फार कौतुक वाटलं. साठाव्या वर्षी, मागे नवरा, दोन बाजूंना पिशव्या, आणि चढ चढताना चालणारे यात्रेकरू वळून बघायचे. एक तरुण जोडपं महागड्या सायकली ढकलत होतं, त्यांना मागे टाकताना बाईंनी घंटी जरा गरजेपेक्षा जास्त वाजवली. मिस्त्री मागून आठवणी सांगत होते. इथे पूल लागेल, इथे एक वाकडं झाड असेल. पूल असायचा, झाड नसायचं. बाई "हं" म्हणायच्या आणि पायडल मारायच्या. त्यांना रस्त्यावर बोलायची सवय नव्हती. अठ्ठावीस वर्षं एकटीने सायकल चालवलेली, बोलणार कोणाशी? मैलाच्या दगडाशी?

प्रत्येक मुक्कामाच्या घरात यात्रेच्या कार्डावर पोचल्याचा शिक्का मिळायचा, गरम पाणी मिळायचं, आणि बरोबर सात वाजता मुलाचा फोन यायचा.

"गाडी पाठवू का?"

"पाठव की. रिकामीच परत जाईल, पेट्रोल तुझं."

तिसऱ्या दिवशी मात्र पहिला मोठा उतार लागला आणि बाईंच्या मनात पाल चुकचुकली. उतार होता, पण सायकल पळेना. वळण आलं की पायडल मारावं लागत होतं. उतारावर पायडल! चौथ्या दिवशी तेच. बाईंना मनातून भीती वाटायला लागली की आपले पाय संपत आले. हे त्या कोणाला बोलल्या नाहीत, मिस्त्रींना तर नाहीच. नऊ दिवसांतले चारच झाले होते, आणि पायांनीच दगा दिला तर दुकान गेलंच म्हणून समजा.

मिस्त्रींनाही कळत होतं की गाडी ओढत नाही. त्यांनी बाईंच्या पायांना बोल लावला नाही, हा त्यांचा मोठेपणा. त्यांनी चाकाला लावला. रोज संध्याकाळी मुक्कामाच्या अंगणात चाक काढायचं, बेअरिंग उघडायचं, एकेक गोळी बोटांवर फिरवून बघायची, नवं ग्रीस भरायचं.

"कुठेतरी पाणी मुरतंय," ते म्हणायचे. "चाक हातात घेतलं की फुलासारखं फिरतं. तू बसलीस की अडतं."

"म्हणजे मी जड झाले म्हणायचंय?"

"मी असं म्हणालो का? तू म्हणालीस."

सहाव्या दिवशी दुपारी असाच एक उतार होता. बाई दात आवळून पायडल मारत होत्या. अचानक काहीतरी जळाल्याचा वास आला. त्यांनी रस्त्याकडेच्या बसथांब्यापाशी सायकल थांबवली, खाली उतरल्या आणि मागच्या चाकाच्या ड्रमला बोट लावलं. चटका असा बसला की बोट थेट तोंडात गेलं. त्यांनी वर बघितलं. सायकल उभी होती, मिस्त्री सीटवर एक पाय टेकून बसले होते, आणि त्यांच्या उजव्या हाताची चार बोटं तिसऱ्या ब्रेकवर आवळलेली होती. पेरं पांढरी पडलेली.

"अहो," बाई म्हणाल्या, "तुम्ही ब्रेक धरून बसलाय."

"मी? छे. हात नुसता ठेवलाय."

"मग हा हात कोणाचा?"

बाईंनी त्यांची बोटं एकेक करून सोडवली. सोडवावी लागली, इतकी ती घट्ट होती. मिस्त्रींनी आपलाच हात दुसऱ्या हाताने चाचपला. त्यांना खरंच पत्ता नव्हता. तीन संध्याकाळी ते चाक उघडून दोष शोधत होते, आणि दोष बोटांत घेऊन शोधत होते.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच," बाई म्हणाल्या. आणि मग त्यांचा ताबा सुटला. "चार दिवस मी रडायच्या बेताला आलेय हो. वाटलं, माझेच पाय गेले. माझ्यामुळे दुकान जाणार. आणि तुम्ही मागे बसून मला ओढताय. अठ्ठावीस वर्षं मी डोंगरात सायकल चालवली. एक पत्र तरी पाडलं का मी?"

"पत्राला भीती वाटत नाही," मिस्त्री म्हणाले.

 रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला. 

"मला भीती वाटते," मिस्त्री म्हणाले. "चढावर नाही वाटत. उतारावर वाटते. तू बोलत नाहीस ना. तू वळतेस तेव्हा मला कळतं की वळण होतं. खड्ड्यात गेलो की कळतं खड्डा होता. मग हात आपोआप जात असेल. मला काय माहीत."

बाईंना चटक्यापेक्षा हे जास्त लागलं. किती सोपी गोष्ट होती. मागे माणूस बसलाय आणि आपण टपालाची पिशवी असल्यासारखं त्याला घेऊन चाललोय. दुकानात मुलाला मोठ्या तोऱ्यात सांगितलं, त्यांचे हात, माझे डोळे. आणि डोळ्यांना तोंडच नाही.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या. हे शब्द त्यांच्या तोंडून वर्षाकाठी एकदा निघत, त्यामुळे मिस्त्रींनी मान त्यांच्याकडे वळवली.

"पाना दे," मिस्त्री म्हणाले. "दहा नंबरचा."

"आता काय?"

"हा ब्रेक माझ्याकडे नको. मी शपथ घेईन, पण बोटं शपथ घेणार नाहीत. तुझ्या दांडीवर लावतो."

बसथांब्याच्या बाकावर त्यांनी हत्यारं मांडली. ड्रम निवू दिला, उघडला, जळकी पट्टी काचकागदाने घासली. पिशवीतून लांब केबल काढली आणि ती पुढपर्यंत ओढली. बाई जागोजागी सांगत गेल्या. इथे गंज आहे, ही तार निसटलीय, अजून बोटभर पुढे. मिस्त्री बोटांनी तिथे जात. दीड तासात काम झालं. बस घ्यायला आलेल्या एका शिक्षिकेने सगळं उभं राहून बघितलं. बस आली तरी ती जरा रेंगाळली आणि मग धावत चढली.

त्या दिवसापासून बाई बोलायला लागल्या. सुरुवातीला लाज वाटली. वेड्यासारखं आपलं "डावं वळण, मोठं. खडी आहे. ब्रेक लावतेय." पण तासाभरात जीभ अशी सुटली की काही विचारू नका. "समोरून मोटरसायकल, दोघंजण, पोरगी मागे बसून फोनवर. उजवं वळण, लांबट, थांबा, अजून, आता सरळ. डावीकडे एक बाई गादी वाळत घालतेय. गादीला भोक आहे." मिस्त्री हसले. पायडल हलकं झालं. बाईंचे पाय ठणठणीत होते, आणि आपले पाय ठणठणीत आहेत याचा आनंद त्यांना मुलाला फोनवर लपवता आला नाही.

"आज आवाज एवढा खूश का?" मुलाने विचारलं.

"वय कमी झालंय माझं. तुला जमलं तर बघ."

आठव्या दिवशी शेवटचा मोठा घाट आला. माथ्यावर पोचायला सकाळ गेली. पलीकडे अकरा किलोमीटरचा उतार, वळणावर वळण, एका बाजूला दरी. माथ्यावरच्या चहावाल्याने जोडसायकल बघितली, मिस्त्रींचे डोळे बघितले आणि म्हणाला, "खाली एक टेम्पो जातोय, सांगू का? काल दोघं घसरले तिथे."

बाईंनी मिस्त्रींकडे बघितलं. टेम्पोत बसलं की संपलं, हे दोघांनाही माहीत होतं. पण आता प्रश्न फक्त त्यांच्या जिद्दीचा नव्हता. मागे बसणारा घाबरला असेल तर त्याला ओढत न्यायचं नाही, हे बाईंनी मनाशी ठरवलं होतं. दुकान गेलं तर गेलं.

"तुम्ही सांगा," त्या म्हणाल्या. "मनापासून सांगा."

मिस्त्रींनी चहा संपवला, कप चाचपत फळीवर ठेवला. "तुझा आवाज बसला नाही ना?"

"नाही."

"मग चल."

अकरा किलोमीटर बाईंचं तोंड एक क्षण थांबलं नाही. तिसरा ब्रेक हलका दाबून, बाकीचे दोन आलटूनपालटून, मध्ये दोनदा उतरून चाकांच्या कडा निवू दिल्या. सातव्या की आठव्या वळणावर समोरून बस आली, ती रस्त्याच्या मधोमध. "बस, मोठी, उजवीकडे दाबतेय, आपण डावीकडे, कडेला, खडी, सावकाश, सावकाश, गेली." मिस्त्री शब्दागणिक बाईंबरोबर कलले. ना आधी, ना नंतर. मागे माणूस आहे की नाही अशी शंका यावी, इतकी सायकल हलकी चालली होती. खाली पोचल्यावर मिस्त्री म्हणाले, "सात वेळा आलो मी. हा घाट एवढा छान आहे हे माहीत नव्हतं."

नवव्या दिवशी दुपारी ते देवस्थानाच्या दारात पोचले. शेवटचा चढ बाई गुणगुणत चढल्या. कार्डावर शेवटचा शिक्का बसला. दर्शन घेऊन बाहेर आले तर दगडी कठड्याशी मुलगा उभा. चेहरा पांढराफटक.

"काल मी घाटाखाली होतो," तो म्हणाला. "गाडी घेऊन आलो होतो. खालून बघत होतो मी तुम्हाला. ती बस आली तेही बघितलं. पुढे येऊन बोलायची हिंमत नाही झाली."

"मग बघितलंस ना," बाई म्हणाल्या. "पोचलो."

"नशिबाने पोचलात. आई, मी रोज हेच बघतो. लिफ्ट शंभर वेळा नीट चालते, म्हणून ती सुरक्षित नसते. एकदा चुकली की संपलं. शर्त राहू दे. मी तुम्हाला असं सोडू शकत नाही. मोबाईलवाला उद्या कुलूप लावायला येतोय."

नऊ दिवस, एक घाट, सगळे शिक्के, आणि हा म्हणतो राहू दे. बाईंचा हात शिवशिवला. पण मुलाने गाडीची किल्ली मुठीत घट्ट आवळली होती. तो हट्टाने बोलत नव्हता, भीतीने बोलत होता, आणि भीतीने माणूस काय करतो हे त्यांनी बसथांब्यावर जवळून बघितलं होतं.

"मागे बस," त्या म्हणाल्या.

"काय?"

"सायकलवर. खाली बाजारापर्यंत दोन किलोमीटर आहे, पाच वळणं. जाऊन परत येऊ. डोळे मीट."

"आई, हा काय पोरखेळ आहे."

"पोरखेळच आहे. बस."

मिस्त्री कठड्यावर बसले आणि केळं सोलायला लागले. मुलगा नाइलाजाने बसला. पहिल्या वळणाला बाईंना मागे सिमेंटचं पोतं ठेवल्यासारखं वाटलं. त्या बोलत होत्या, "डावं, हळूहळू, रस्ता ओला, ब्रेक लावतेय," आणि पोतं काही कलत नव्हतं. दुसऱ्या वळणाला सायकल जरा लवकरच झुकली.

"डोळे उघडलेस."

"नाही."

"मी बोलायच्या आधी कललास. तुझे बाबा कधी आधी कलत नाहीत."

 तिसऱ्या वळणाला मुलाने डोळे मिटले असावेत, कारण तो श्वास रोखून बसला. चौथ्याला त्याचा श्वास सुटला. पाचव्या वळणाला बाई म्हणाल्या, "उजवं, लांब, एक कुत्रं झोपलंय, त्याला वळसा, आता सरळ," आणि मागचं वजन त्यांच्या शब्दांबरोबर गेलं, आलं, सरळ झालं. परतीचा चढ तो मुकाट्याने पायडल मारत चढला. पोरगा पहिल्यांदाच कामाला आला, असं बाईंच्या मनात आलं, पण त्या बोलल्या नाहीत.

वर आल्यावर तो बापाशेजारी कठड्यावर बसला. बराच वेळ तळहात बघत राहिला.

"बाबा, मागे बसून हातांचं काय करायचं असतं?"

"दांडीवर ठेवायचे," मिस्त्री म्हणाले. "धरायचे नाहीत. मला सहा दिवस लागले."

मुलाने खिशातून फोन काढला आणि उठून दोन पावलं लांब गेला. तरी ऐकू येत होतं.

"हो, मीच. उद्या येऊ नका. गाळा द्यायचा नाही. ... शब्द दिला होता, बरोबर आहे, माझीच चूक, तो द्यायचा हक्क माझा नव्हताच. ... नाही, दुकान बंद नाही. आईबाबा चालवतात." मग तो पलीकडचं ऐकत थांबला. "हो, बाबांना दिसत नाही. आई सांगते."

बाईंनी पदराचं टोक तोंडाशी धरलं. मिस्त्रींनी केळ्याचं साल हातात तसंच ठेवून मान वर केली, आवाजाच्या शोधात.

"काय गं," ते म्हणाले, "एकदम गप्प का झालीस?"

"रडतेय," बाई म्हणाल्या.